जिन्यातली पोकळी : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात यंदा ज्वालामुखी नको, असं बैठकीत मीच बोलून बसले. त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं. विषय ठरवला : रिकाम्या जागेची भीती. निसर्गाला पोकळी खपत नाही, ती होऊ लागली की तो काहीही करून भरून काढतो, असं युरोपातले विद्वान कित्येक शतकं शिकवत होते.

हे ऐकून चित्रकलेचे सर म्हणाले, "अहो, हा तर आमच्या खात्यातला शब्द." लॅटिनमधला 'हॉरर व्हॅक्युई'. जे चित्र कागदाचा कोपरा न् कोपरा भरून टाकतं, त्याला ते लोक हेच म्हणतात. शब्द एक, खाती दोन. काम दोघांनी मिळून करायचं ठरलं. भिंत त्यांची, जिना माझा.

जिन्याच्या चौकात तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून टेप सोडली. खालच्या फरशीपर्यंत ११ मीटर २० सेंटिमीटर. पुरतंय. पाण्याने भरलेली उभी नळी, खालचं तोंड टबात, वरचं बंद. खालचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी थोडं उतरून थांबलं पाहिजे, आणि वर उरलेली जागा हाच आपला देखावा. पाऱ्याने हेच एक मीटरच्या काचनळीत झालं असतं, पण शाळेत पारा आणायचा नाही.

८ जानेवारी

शाळेची टाकी ज्यांनी बसवली त्या प्लंबर मामांना बोलावलं. मी नळीचं बोलायच्या आधीच ते वर बघत म्हणाले, "वरून ओढायचंय का? नाही यायचं पाणी. काठावरचा पंप पंचवीस फुटांच्या पलीकडून ओढत नाही. म्हणून तर गावाकडं विहिरीत पायरी काढून पंप खाली उतरवतात."

मी विचारलं, का ओढत नाही?

"पंपाचा दोष नाही, मॅडम. पाणीच लई खाली गेलंय."

मी वहीच उघडली. गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात जवळजवळ हाच संवाद आहे. हौदातलं पाणी एका पातळीखाली गेलं की पंप चालेना. कारागिराला बोलावलं तर तो म्हणाला, पंप ठीक आहे, पाणी फार खाली गेलंय, अठरा हातांवर ते चढत नाही. ते अठरा हात म्हणजे सुमारे साडेदहा मीटर. (मामांचे पंचवीस फूट त्याहून कमी भरतात, कारण खऱ्या पंपात गळती असते आणि पाइपचं घर्षणही.) आकडा कारागिराला पाठ होता, कारण मात्र गॅलिलिओचंही चुकलं. लांब दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो, तसा पाण्याचा दोर तुटतो, असं त्याने मांडलं. म्हणजे वरून कोणीतरी धरून ओढतंय, ही कल्पना त्यालाही सोडवली नाही.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "इटलीतबी विहिरी आटतात म्हणायचं."

१२ जानेवारी

फलकांचा मजकूर लिहायला बसले. अ‍ॅरिस्टॉटलपाशीच अडकले. त्याला आपण पुस्तकात दोन ओळींत मूर्ख ठरवतो, ते मला पटेना. त्याचं म्हणणं असं : माध्यम जितकं विरळ, तितकी वस्तू वेगाने जाते. मग माध्यमच नसेल तर वेगाला मर्यादाच राहणार नाही. आणि पोकळीत सोडलेली वस्तू थांबेल तरी कुठे? इथेच का, तिथे का नाही? म्हणजे एकतर ती कायमची स्वस्थ राहील, नाहीतर कायमची चालत राहील. हे अशक्य, म्हणून पोकळी अशक्य.

पुन्हा वाचलं. हा तर नववीतला जडत्वाचा नियम! तो अडीच हजार वर्षांपूर्वी त्याच्या हाताशी आला आणि 'असं कसं होईल' म्हणून त्याने टाकून दिला. नियमासाठी लागणारी रिकामी जागा त्याला मान्य नव्हती. फलकावर हे मोठ्या अक्षरात द्यायचं.

आणखी एक, छोट्या अक्षरात : १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. 'देव आकाशाला सरळ रेषेत सरकवू शकणार नाही, कारण मागे पोकळी राहील' हे त्यातलं एक. देवाला अशक्य म्हणणारे तुम्ही कोण, एवढाच बिशपचा राग. पण तेव्हापासून पोकळी निदान कल्पनेत तरी चालू लागली.

संध्याकाळी शेजारच्या काकूंचा डबा परत द्यायचा होता. धुऊन पुसून ठेवला होता. दाराशी गेले, परत आले, आत मूठभर साखर घातली. आई असती तर म्हणाली असती, रिकामा डबा देतेस? तिला रिकामा पाळणा हललेलाही चालायचा नाही. अ‍ॅरिस्टॉटलला हसायचा मला काय अधिकार?

१७ जानेवारी

पहिला प्रयोग. फसला.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली होती. स्वस्त, आणि पाणी स्वच्छ दिसतं. निळीचं पाणी वरून भरलं, बोटांनी टिचक्या मारून बुडबुडे काढले, वरचं तोंड बंद केलं. खाली मामांनी टबातला व्हॉल्व्ह उघडला. पाणी हललं, आणि वरचा दीड-दोन मीटरचा भाग माझ्या डोळ्यांसमोर पिचकला. आवाज नाही, काही नाही. गोल नळी आधी लंबगोल झाली, मग पट्टीसारखी चपटी, मध्ये निळ्या पाण्याची एक सुतासारखी रेघ. जणू कोणी दोन बोटांत धरून दाबतंय. चिमटीने सोडवायला गेले तर सुटेना.

मुलं हिरमुसली. मला मात्र हे प्रदर्शनात ठेवावंसं वाटलं. आत कोणी ओढत नव्हतं, बाहेरून हवा दाबत होती. पण बघणाऱ्याला दिसतं काय? निसर्ग धावून आला आणि त्याने पोकळी होऊच दिली नाही! जुन्या मताचा याहून चांगला पुरावा मीही दिला नसता.

१८ जानेवारी

आत नायलॉनची जाळी असलेली जाड नळी घेतली, १२ मीटर. थोडी धुरकट दिसते. चालवून घेऊ.

२४ जानेवारी

चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसले. सरांनी नववीला अर्धा अर्धा ड्रॉइंग पेपर दिला आणि सांगितलं, "एक मुंगी काढा. एकच. बाकी कागद सोडा." चाळीस मिनिटं.

पहिली दहा मिनिटं कमाल शांतता. मग एकाने मुंगीच्या पुढ्यात साखरेचा दाणा काढला. पाठोपाठ वारूळ आलं, गवत आलं. तास संपेपर्यंत दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, नदी, नारळाचं झाड आणि झोपडी सगळीकडे हजर. बेचाळीसपैकी एकोणचाळीस कागद भरले.

तीन कोरे राहिले. त्यातला एक जण उशिरा आलेला, दुसऱ्याच्या पेन्सिलीचं टोक तुटलेलं. तिसऱ्याने खरंच सांगितल्याप्रमाणे केलं होतं. सरांनी तिन्ही कागद माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "ओळखा, कोणता कोणाचा?" मला ओळखता आलं नाही. त्यांनाही नाही.

स्टाफरूममध्ये म्हणाले, दोष पोरांचा नाही, आम्हीच शिकवतो, पेपर मोकळा सोडू नका, मार्क जातात.

२७ जानेवारी

भिंतीसाठी चित्रं निवडली. सरांना मिथिलेची हवी होती, तिथे दोन आकृत्यांच्या मधली जागा फुलं, पक्षी, मासे यांनी भरतात. हळेबीडच्या मंदिराची कोरीव भिंतही हवी होती. दोन्ही घेतली. पण तिथे भीती आहे, असं मला म्हणवत नाही. लग्नघरात कोहबराची, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीची, भिंत भरतात ती भरभराट मागण्यासाठी. भरलेलं सगळंच घाबरून भरलेलं नसतं. फलकावर हा शब्द कुठे चिकटवायचा यावर आमचं बराच वेळ वाजलं.

एका चित्रावर मात्र दोघांचं लगेच जमलं. अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला मातीचा मोठा कुंभ, उंची १.५५ मीटर, इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या मध्याचा. डिपिलॉन स्मशानात एका स्त्रीच्या थडग्यावर खूण म्हणून तो उभा केला होता. काठापासून तळापर्यंत नागमोडी चौकटींचे पट्टे. मध्यावर एक आडवी चौकट, त्यात तिरडीवर ठेवलेलं प्रेत आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर हात घेऊन रडणारी माणसं. माणसं म्हणजे त्रिकोणी धड आणि काड्यांसारखे हात. सरांनी प्रिंटवर भिंग धरलं आणि रडणाऱ्यांच्या मधल्या फटी दाखवल्या. प्रत्येक फटीत वरून खाली बारीक नागमोडी खुणांची रांग. दोन माणसांच्या मध्ये बोटभर जागासुद्धा मोकळी नाही.

अ‍ॅरिस्टॉटल याच अथेन्समध्ये साधारण चारशे वर्षांनी शिकवायला बसला. त्यात काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण दोन फलक शेजारीशेजारी लावणार आहे.

२ फेब्रुवारी

जमलं!

सकाळी दहा. मामांनी टेफ्लॉन टेप दुप्पट गुंडाळली. नळी भरली, वरचा व्हॉल्व्ह बंद केला. खालचा उघडला. निळं पाणी सुरकन खाली आलं, थोडं वरखाली झोके घेतलं आणि थांबलं. वर दीड मीटरहून जास्त नळी रिकामी. पाण्याचा माथा मात्र शांत नव्हता. बारीक बुडबुडे खदखदत होते, चहाला आधण येताना येतात तसे, आणि नळी हाताला गार. दहावीच्या एका मुलीने हात लावून बघितला आणि विचारलं, "मॅडम, हे उकळतंय की थंड आहे?" दोन्ही. वरचा दाब गेला की पाणी खोलीच्या तापमानालाही उकळतं, आणि त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते ती वेगळीच.

रोममध्ये गास्पारो बेर्ती याने १६४० च्या आसपास घराच्या भिंतीला शिशाची उंच नळी लावून हेच केलं. माथ्यावर काचेचं भांडं, त्यात एक घंटा. पोकळी असेल तर घंटा ऐकू येऊ नये, हा हिशेब. घंटा ऐकू आली. पोकळी न मानणारे खूश. खरं तर आवाज घंटेच्या आधाराच्या दांड्यातून येत असणार. प्रयोग बरोबर करूनही माणूस वादात हरू शकतो.

३ फेब्रुवारी

मोजमाप. एका पालकांच्या फोनमध्ये हवेचा दाब दिसतो. सकाळी दहाला ९४९ हेक्टोपास्कल. त्यावरून पाण्याचा स्तंभ ९ मीटर ७२ सेंटिमीटर यायला हवा. (समुद्रसपाटीला १० मीटर ३० च्या आसपास आला असता. पुण्याच्या उंचीने आमचे साठ सेंटिमीटर खाल्ले.) प्रत्यक्षात ९ मीटर ३४.

मुलांना वाटलं गळतंय. मामांना तर अपमानच वाटला. मी दुपारी चारला पुन्हा मोजायला लावलं : ९ मीटर १७. फोन म्हणाला ९४५. दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला चढतो आणि दुपारी चारला उतरतो, त्याचे चार सेंटिमीटर. उरलेले तेरा उन्हाचे. जिन्याच्या जाळीतून दुपारचं ऊन नळीच्या वरच्या टोकावर येतं, पाणी २४ वरून ३० अंशांवर जातं, वाफेचा दाब वाढतो आणि तो पाण्याला खाली रेटतो. सकाळचीही तूट मुख्यतः वाफेचीच, एकतीस सेंटिमीटर. बाकी सुटलेली हवा.

म्हणजे एवढी खटपट करून जी पोकळी केली, तिच्यात वाफ भरलेली निघाली. ही गंमत फलकावर कशी मांडावी कळत नाही. पाऱ्याच्या नळीत ही वाफ नगण्य, म्हणून गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याचं पारा घेणं महत्त्वाचं. केवळ नळी आखूड होते एवढ्यासाठी नव्हे.

९ फेब्रुवारी

दुसरी नळी लावली, शेजारीच. हिच्या माथ्यावर मामांनी चार इंची जाड पाइपचा फूटभर तुकडा बसवला, दोन्ही तोंडांना कॅप.

ही युक्ती तोरिचेल्लीची. ११ जून १६४४ ला त्याने रोममधल्या रिच्चीला लिहिलेल्या पत्रात दोन काचनळ्या आहेत, एक साधी आणि एक वर फुगा असलेली. पोकळीच ओढत असती तर मोठ्या पोकळीने जास्त ओढायला हवं होतं. पारा दोन्हींत एकाच उंचीला थांबला. म्हणजे कारण आत नाही, बाहेर आहे. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतो, हे त्याचं वाक्यही याच पत्रातलं.

आमच्या दोन्ही नळ्यांत फरक दोन सेंटिमीटरचा. मामांनी दोन्हींवर खडूने रेघ मारली आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी सांगतोय पंप ओढतो, ते खोटंच." खोटं नाही म्हटलं, बोलायला ठीक आहे.

१४ फेब्रुवारी

मजकूर पूर्ण. वगळलेल्या गोष्टींची नोंद :

शून्य. बैठकीत दोघा-तिघांनी विचारलं, आपण शून्य शोधलं, त्याचा फलक कुठे? शून्य ही संख्या आणि नळीतली पोकळी या वेगळ्या गोष्टी आहेत, ओढूनताणून जोडणार नाही. चेहरे पडले.

ईथर. पोकळी पटल्यावर दीडदोनशे वर्षांत प्रकाशाच्या लाटांसाठी तीच जागा ईथरने, म्हणजे त्या लाटा वाहून नेणाऱ्या एका मानलेल्या माध्यमाने, पुन्हा भरली, हे सांगायला अख्खं दालन लागेल.

ठेवलेल्यात माझा आवडता पास्कल, फ्रेंच गणितज्ञ. १६४६-४७ मध्ये रूआँ शहरात त्याने ४६ फुटी काचनळ्या जहाजाच्या डोलकाठीला बांधून उभ्या केल्या, एकीत पाणी, एकीत लाल वाइन. विरोधकांचं म्हणणं, वरच्या जागेत द्रवाचा अर्क भरतो. पास्कलने आधी त्यांनाच विचारलं, मग वाइन वर राहील की पाणी? ते म्हणाले, वाइनचा अर्क जास्त, म्हणून ती खाली जाईल. वाइन हलकी, ती वर राहिली. मग १९ सप्टेंबर १६४८ ला त्याचा मेहुणा पेरिए पुय-द-डोम डोंगरावर नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर खाली. पायथ्याच्या मठात दुसरी नळी ठेवली होती, तिच्यापाशी एक साधू दिवसभर बसून होता. ती हलली नाही. पेरिए सगळ्यांना माहीत असतो, मला त्या साधूचं कौतुक वाटतं. काही घडत नाही हे दिवसभर बघत बसणं सोपं नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने लिहिलं होतं, पोकळी असेल तर ती पास्कलच्या डोक्यात. हेही ठेवलंय. मुलांना भांडणं आवडतात.

१९ फेब्रुवारी

भिंतीचा दुसरा भाग : सोडलेली जागा. तोक्योच्या संग्रहालयातले हासेगावा तोहाकूचे पाइन वृक्ष, सहा-सहा घड्यांचे दोन पडदे, शाईची झाडं आणि बाकी धुकं, म्हणजे कोरा कागद. आणि आपले वासुदेव गायतोंडे. नागपूरला १९२४ चा जन्म, मुंबईत जे. जे. मध्ये शिक्षण. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे. वर्षाला मोजकीच चित्रं. आपल्या कामाला अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

त्यांचा प्रिंट लावताना शिपाई मावशींनी विचारलं, "हे अजून व्हायचंय का?" सर म्हणाले, "नाही, झालंय. वेळ लागला खूप." त्यांच्या रिकामेपणाला किती थर लागले, हे प्रिंटमध्ये दिसत नाही ही अडचणच.

शेवटचा फलक पूर्ण कोरा ठेवायचा, चार फूट बाय तीन, फक्त पांढरा. कल्पना सरांची. मला आधी थोडी नाटकी वाटली, पण हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी

फ्लेक्स आले. मजकुराच्या दोन फलकांवर कोपऱ्यात मोर. मी दिलेला नव्हता. छापणाऱ्याला फोन केला. "मॅडम, तिथं जागा खालीच राहत होती, म्हणून टाकला. त्याचे पैसे नाही लावले." आणि कोरा फलक? "तो छापायचाच राहिलाय, त्याची फाइल उघडतच नाही, आत काहीच दिसत नाही."

पांढरा कापडी फलक बाजारातून आणून सरांनी स्वतः ताणला. मोर तसेच राहिले.

२८ फेब्रुवारी

गर्दी. नळ्यांपाशी रांग. सर्वात जास्त वेळा विचारलेला प्रश्न : वर नक्की काय आहे? मुलं "वाफ आणि थोडी हवा" म्हणाली की लोकांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं दिसतं. काहीतरी आहे ना, मग ठीक.

डर्बीच्या जोसेफ राइटच्या १७६८ च्या चित्रापाशी एक छोटी मुलगी हलेना. काचेच्या गोळ्यात पांढरा काकाकुवा, हवा काढलेली, प्रयोग करणाऱ्याचा हात वरच्या व्हॉल्व्हवर, एका मुलीने डोळे झाकलेत. "पक्षी मेला का?" चित्रात ते सांगितलेलं नाही. मी "नाही, तो आता व्हॉल्व्ह उघडणार आहे" असं सांगून मोकळी झाले. ही जागाही मी भरलीच.

अकराच्या सुमाराला कोऱ्या फलकापाशी गेले. त्यावर मधोमध चिकटपट्टीने कागद लावलेला : 'पिण्याचे पाणी ←'. कोणी लावला कळलं नाही. सरांनी बघितलं आणि म्हणाले, राहू दे, बाण बरोबर दिशेला आहे.

१ मार्च

उतरवलं. पाणी शेवटी ८ मीटर ९० ला होतं, इतके दिवस सुटलेली हवा वर साचत गेली. मामांनी मला वरचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं, ते खाली टबापाशी. दोन मिनिटं अशीच उभी राहिले, मग पाव फेरा फिरवला. बारीक 'सूंऽऽ' आवाज, आणि निळं पाणी तीन मजले खाली टबात. वरून मामांचं डोकं दिसत होतं. "आली का हवा?" त्यांनी खालून विचारलं. आली म्हटलं.

नळ्या दोन्ही प्रयोगशाळेच्या माळ्यावर. टब मावशींकडे. कापडी फलक सरांनी घरी नेला.